साहेबाचं दिवाळं, म्हाताऱ्याची कवळी

परवा आपल्यातलाच एक दोस्त छाती फुगवून म्हणाला, “साम्राज्य बुडालं, इंग्रज भिकेला लागला, बरं झालं!” मी म्हटलं, थांब. कुठला इंग्रज भिकेला लागला?

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटन आपलं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होता. आपण काही राजीखुशीनं दिलेले नव्हते. माल उचलला, माणसं उचलली आणि लंडनच्या वहीत आकडा मांडला. त्या आकड्याच्या जोरावर इकडे नोटा छापल्या, भाव भडकले. १९४३ला बंगालमध्ये लाखो मेले. जमीनदार नाही मेले. शेतमजूर मेले, मच्छीमार मेले. रुपया पडला की महागाईनं मजुराची मजुरी कापली जाते, हे बाबासाहेब विसाच्या दशकातच सांगत होते. आपण त्यांचे फोटो लावतो, ते अर्थशास्त्र कोण वाचतो?

सत्ता गेली तशी तिजोरीची भोकं दिसायला लागली. १९४५ला अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलर कर्ज. १९४९ला पौंड ४.०३ डॉलरवरून २.८०वर. आपलं जे येणं उरलं होतं, त्याची डॉलरमधली किंमत एका रात्रीत तीस टक्के उडाली. बोंब मारायची कुणाकडे?

तरी मिशीचा पीळ जाईना. गढी ढासळलेला पाटील लेकीच्या लग्नात बँड लावतो आणि सालगड्याचे पैसे बुडवतो, तसलीच ही जात. १९५१ला कोरियाच्या लढाईपायी तीन वर्षांत ४७० कोटी पौंडांची शस्त्रं घ्यायचं ठरलं, आणि काटकसर कुठं, तर म्हाताऱ्यांच्या फुकट कवळीत न् चष्म्यात! निम्मे पैसे भरा म्हणे. खाणकामगाराचा पोरगा बेव्हन मंत्रिपदावर थुंकून बाहेर पडला. मजूर पक्षाचंच सरकार होतं हे, बरं का.

१९५६ला सुएझवर चालून गेले. अमेरिकेनं नाणेनिधीच्या पैशाची वाट अडवली, मुकाट फौज मागे. १९६७ला पौंड पुन्हा पडला. १९६८ला सुएझच्या पूर्वेचे तळ सोडायची घोषणा झाली, त्याच काटकसरीत औषधाच्या चिठ्ठीवर पुन्हा पैसे लावले. लॉर्डांवर कर बसलेच नाहीत असं नाही, बसले. पण लॉर्डाला दात विकत घेता येत होते.

अमेरिकेच्या त्या कर्जाचा शेवटचा हप्ता २९ डिसेंबर २००६ला फिटला. कवळीवाला म्हातारा केव्हाच मेला होता, आपले निम्मे पैसे भरून.