रेणूंचा तराजू

तराजूची दांडी समतोल ठेवणे, हा आपल्या घराण्यांतील पहिला पाठ. तथापि माप पूर्ण भरूनही माल सदोष ठरतो, हे द्राक्ष व्यापाराने २०१० साली अनुभवले. वेलीची वाढ आवरणाऱ्या क्लोरमेक्वॅट क्लोराइडचा अंश आढळल्याने युरोपात भारतीय द्राक्षे अडली. मर्यादा होती किलोस ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे शंभर टनांत अवघे पाच ग्रॅम!

इतका सूक्ष्म अंश मास स्पेक्ट्रोमीटर टिपतो. रेणूंना विद्युतभार देऊन, वस्तुमान व भार यांच्या गुणोत्तरानुसार तो त्यांना वेगळे करतो. पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात डॉ. कौशिक बॅनर्जी या रसायनशास्त्रज्ञाने आपली कारकीर्द याच कार्यास वाहिली. पुढे ते केंद्राचे संचालक झाले.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताच्या अतिचारांमध्ये खोट्या मापासोबतच प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे भेसळ, सांगितला आहे. फवारणी लपवून माल विकणे याहून निराळे कसे मानावे? जुन्नर-आंबेगावच्या बागायतदाराचे पीककर्जही त्याच मालावर फिटायचे असते. म्हणून आपल्या आडत्यांनी भाव ठरविण्यापूर्वी फवारणीची नोंदवही अवश्य पाहावी, आणि नोंद चोख ठेवणाऱ्यास दोन पैसे अधिक द्यावेत.