पिंप आणलंच आहे, तर ऐका

दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्यानं मोबाईलवरून एक लाकडी पिंप मागवलं. पाच लिटरचं, तान्ह्या बाळाएवढं. खाली लाकडाची घोडी, समोर तोटी, अंगावर लोखंडी पट्ट्या. संत्र्याची वाईन घालणार म्हणाला. आपल्याकडे संत्र्यांचा तोटा नाही, आता तोटीही आली.

पिंप देखणं होतं, खोटं कशाला बोलू? शेजारीपाजारी बघायला आले. त्यातले दोघं म्हणाले, आम्हीही मागवतो. तेव्हापासून भेटेल त्याला जे सांगते, ते इथं एकदाच लिहून टाकते.

आधी कायद्याचं. घरी वाईन करू नका. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय दारू करणं हा त्यात गुन्हा आहे, आणि त्यातल्या दारूत वाईनही येते. घरापुरतीच केली, विकली नाही, पाहुण्यांना दिली, असल्या सबबी चालत नाहीत. शिक्षा कैदेची आहे. जे मोहाला लागू, तेच संत्र्याला. मोह गाळणारा गुन्हेगार आणि वाईन घालणारा हौशी, असा भेद कायदा करत नाही. लोक मात्र करतात.

तुम्ही बघता ते व्हिडिओ बहुतेक परदेशातले असतात. अमेरिकेत एका प्रौढ माणसाला घरापुरती वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचारशे लिटर वाईन करायची मोकळीक तिथला केंद्राचा कायदा देतो. त्यांचं ते त्यांच्या अंगणात चालतं. तुमचा मुलगा तिकडे असेल तर त्यानं तिथं खुशाल करावी. त्याचं बघून तुम्ही इथं आपल्या रामटेकात करू नका. आणि इथून वर्धा जिल्हा काही लांब नाही. तिथं तर पूर्ण दारूबंदी आहे, विकत घेतलेली बाटली नेणंही अंगाशी येतं.

मग नाशिकचे लोक कसे करतात? परवाना काढून. सुला कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली. त्यांची दिंडोरीची शिराझ ओकच्या पिंपात मुरवलेली असते. पण तो कारखाना आहे. तिथं गार ठेवलेल्या खोल्या आहेत, तपासणी आहे, रोज चव घेणारी माणसं आहेत. तुमच्याकडे टीव्हीशेजारचा कोपरा आहे.

कायदा घटकाभर बाजूला ठेवा. तरी रस आंबवणं हा घरातल्या पोरांसमोर करायचा उद्योग नाही. आंबताना रसातून वायू निघतो. त्याला वाट लागते. आमच्याकडे एकदा संत्र्याचा रस घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ओट्यावरच राहून गेला. उन्हाळ्याचे दिवस. दुसऱ्या रात्री बंदुकीसारखा आवाज झाला. सकाळी काचा तांदळाच्या डब्यामागेही सापडल्या. त्या वेळी स्वयंपाकघरात कोणी नव्हतं, एवढंच नशीब. रस काढलात तर त्याच दिवशी पिऊन टाका, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा.

आता लाकडाकडे येऊ. ओक हे झाडाचं नाव, आडनावाच्या ओकांशी त्याचा संबंध नाही. आपल्या जंगलात ते होत नाही. बांज म्हणतात तो त्याचा भाऊबंद हिमालयात दिसतो. पिंपांचं ओक मुख्यतः फ्रान्सकडचं किंवा अमेरिकेतलं. त्याच्या फळ्या पाणी धरून ठेवतात, पण हवा किंचित आत येऊ देतात. पिंपाला आतून आगीवर भाजतात, म्हणून थोडा व्हॅनिलासारखा वास येतो. चव त्या भाजण्यातून आणि लाकडातून येते.

मला इथं हमखास एक प्रश्न येतो. ओक नसेल तर सागाचं चालेल का? आपल्याकडे पेंचच्या बाजूला साग आहे, सुतार ओळखीचा आहे, दोन दिवसांत करून देईल. नको. सागात तेल असतं. म्हणून तर त्याला वाळवी लागत नाही. ते तेल आंबट पदार्थात उतरलं की चव कडवट होते. सागाचा पलंग करा, पिंप करू नका.

पिंप अजून घेतलं नसेल तर घेऊ नका. घेतलंच असेल तर टाकू नका. त्यात तयार सिरका मुरवा. लोणच्यात, कांद्यात वापरतो तोच. दुकानातून उसाचा किंवा फळाचा सिरका आणायचा. बाटलीवर 'सिंथेटिक' लिहिलेला नको, ते नुसतं पाण्यात मिसळलेलं आम्ल असतं. मुरवून त्याचं काही सुधारत नाही.

त्याआधी पिंप तपासा. आत वाकून वास घ्या. भाजलेल्या लाकडाचा वास आला तर ठीक. रंगाचा, वॉर्निशचा किंवा मेणाचा आला तर ते शोभेचं पिंप आहे. त्यात फुलं ठेवा, खायचं काही नको. बाहेरून चकचकीत पॉलिश असेल तरी शंका घ्या. तोटी लाकडाचीच हवी. आंबट पदार्थ साध्या धातूला खातो.

मग पाणी भरा. गरम पाणी, पण उकळतं नव्हे. पहिल्या दिवशी पिंप फळ्याफळ्यांतून गळेल. घाबरू नका. खाली परात ठेवा आणि पाणी कमी होईल तसं भरत राहा. लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. आमच्या भाच्याचं दीड दिवसात थांबलं. तीन दिवसांनीही धार लागत असेल तर परत पाठवा, भांडत बसू नका. पहिल्या पाण्यात कोळशाचे कण येतील. ते ओतून द्या आणि दोनदा साध्या पाण्यानं खळबळा. साबण किंवा भांड्यांची पावडर अजिबात नको. लाकूड ती शोषून घेतं आणि मग महिनाभर सिरक्याला फेस येतो.

आता मापाचं. मोठ्या वाईनवाल्यांचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं असतं. तुमचं पाच लिटरचं. छोट्या पिंपात प्रत्येक लिटरच्या वाट्याला साडेतीनपट लाकूड येतं. म्हणजे तिकडे वर्षभर लागतं ते इकडे दोन-चार महिन्यांत होतं, आणि मग थांबतही नाही. चहाची पुडी कपात विसरल्यासारखं होतं. म्हणून पहिल्या खेपेला दर आठवड्याला चमचाभर काढून चाखा. जीभ ओढल्यासारखी वाटू लागली की बाटलीत काढून घ्या. दुसऱ्या खेपेला लाकडातला जोर ओसरलेला असतो, तेव्हा जास्त दिवस ठेवता येतं.

रामटेकची अडचण उन्हाळ्याची. २३ मे २०१३ ला नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तुम्हाला आठवत असेल. अशा कोरड्या हवेत पिंप बाहेरून सुकतं, फळ्या आकसतात, आतला माल उडून जातो. कूलरसमोर ठेवू नका, गच्चीवर तर मुळीच नको. घरातली सगळ्यात गार, अंधारी खोली बघा. एप्रिल ते जून पिंपावर ओलं गोणपाट टाका आणि रोज शिंपडा. पानमळेवाल्यांना हे सांगायला नको. पानांची ढोली ते अशीच जपतात. दर पंधरा दिवसांनी तोंडापर्यंत भरून घ्या. वर रिकामी जागा राहिली की बुरशी धरते.

पिंप कधी रिकामं ठेवू नका. रिकामं पिंप म्हणजे मोडलेलं पिंप. सुकलं, पट्ट्या सैल झाल्या, की नुसता फळ्यांचा ढीग. आणि एकदा सिरका घातला की ते सिरक्याचंच. त्याचा वास जन्मभर जात नाही.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटलं असेल, एवढा खटाटोप कोण करणार? बरोबर वाटलं. मला विचाराल तर ज्याला काही मुरवायची हौस आहे, त्यानं बरणी घ्यावी. आपल्या हवेला तीच मानवते. पिंप सुकलं की मेलं. बरणी ओली राहिली की मेली. आपल्याकडे आठ महिने सुकंच असतं, मग काय सोपं ते तुम्हीच बघा.

बरणी घेताना घाई करू नका. नागपूरच्या इतवारीत गेलात तर दुकानदाराला वेष्टण काढायला लावा. बोटाच्या पेरानं टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर अखंड आहे, दबका आला तर कुठंतरी तडा आहे. मग उजेडात धरून आत बघा. चकाकीवर केसासारख्या बारीक चिरा असतील तर ठेवून द्या. मीठ त्यात शिरतं आणि बुरशी तिथंच घर करते. आतून पांढरी, साधी घ्या. आत रंगीत नक्षी असलेली नको. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि कैरीचा आंबटपणा ते ओढून काढतो. आजीची नक्षीदार बरणी असेल तर ती कपाटात ठेवा, नजरेचं सुख घ्या.

मोठी एक घेण्यापेक्षा छोट्या तीन घ्या. पाच किलोची बरणी रोज उघडली की रोज हवा, रोज ओला चमचा. छोट्या असल्या तर एक वापरात राहते, दोन बंद राहतात. एक बिघडली तरी वर्षाचं लोणचं जात नाही. मला हे चाळिशीत कळलं. त्याआधी दोनदा सात किलो कैरी गाईसमोरही टाकता आली नाही, इतकी बुरसटली होती.

बरणी आणली की धुवा आणि दोन दिवस कडक उन्हात पालथी, मग उताणी ठेवा. हात आत घालून तळ चाचपा. जरा गार लागला तर अजून ओल आहे. नंतर निखाऱ्यावर चिमूटभर हिंग टाकून त्या धुरावर बरणी पालथी धरा.

कैरीच्या फोडी पुसून सावलीत वाळवा. किलोभर फोडींना दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं असेल तर लोणचं कमी खा, लोणच्यातलं मीठ कमी करू नका. टिकायला ते तेवढं लागतंच. तेल तापवून पूर्ण गार करून ओता, फोडींवर बोटभर उभं राहील इतकं. दोन दिवसांनी बघा. फोडी तेल पितात, पातळी उतरते. पुन्हा भरा. हा पिंपाचाच नियम, वर हवेला जागा ठेवायची नाही.

तोंडाला दादरा बांधा. सुती, दोन पदरी, धुतलेला. पहिले आठ दिवस रोज कोरड्या लाकडी डावानं तळापासून हलवा. पितळ, तांबं, ॲल्युमिनियमचं काही आत जाऊ देऊ नका. रंगाच्या रिकाम्या बादल्या स्वस्त मिळतात म्हणून त्यात कोणी भरलेलं दिसलं, तर ओळखीचा असो नसो, थांबवा.

बरणीच्या गळ्याला कागदाची पट्टी चिकटवा. तारीख, किती किलो, मीठ किती. पुढच्या वर्षी हीच पट्टी कामाला येते. भाच्याच्या पिंपालाही मी एक लावली आहे: उसाचा सिरका, कार्तिक पौर्णिमेला भरला, गोणपाट सकाळी ओलं करणे. त्याखाली त्यानं पेनानं लिहून ठेवलंय, 'मावशी करेल.'