डॉक्टरांचा बागुलबुवा करू नका



आज थोडं कडू लिहिणार आहे. सुरुवात स्वतःपासूनच करते.

माझी धाकटी सात वर्षांची. ताटातलं संपवलं नाही की आमच्या घरात कोणीतरी म्हणायचंच, "थांब, डॉक्टरांकडे नेते, सुई टोचायला लावते." मीही म्हणायचे. मग एका रात्री तिची दाढ ठणकली. लवंगेचं तेल लावून दोन दिवस ढकलले. तिसऱ्या दिवशी गाल सुजला, तेव्हा भंडाऱ्यात दवाखान्यात नेलं. वाटेत सांगितलं, "काही करणार नाहीत गं, नुसतं बघतील." तिथे सुई द्यावीच लागली. पोरगी डॉक्टरांवर चिडली नाही, माझ्यावर चिडली. "मम्मी, तू खोटं बोललीस." रोज तिला सत्य आणि अहिंसा शिकवणारी मी, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मुलं दातांच्या डॉक्टरांना घाबरतात म्हणे! घाबरतीलच. आपणच आधी धमकी देतो, मग दुखणं असह्य होईपर्यंत थांबतो. त्यामुळे पहिलीच भेट सुईची नाहीतर दात काढण्याची होते. धमकी खरी ठरते.

वर घरोघरी एक वाक्य ठरलेलं, "दुधाचेच दात, पडणारच आहेत." अहो, दुधाच्या वीस दातांपैकी दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. त्या किडून लवकर गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यांत मागे येणारी दाढ दुधाची नसतेच, ती कायमची असते. कोणताही दात न पडता येते, म्हणून आपल्या लक्षातच येत नाही.

काहीजणी धर्म पुढे करतात. चौविहार घेतल्यावर तोंडात पाणी कसं घ्यायचं? मग सूर्यास्ताआधी जेवण झालं की ब्रश करवा आणि नंतर पच्चक्खाण द्या. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्री काही न खाणं दातांच्या भल्याचंच आहे. एका काकूंनी मला मुनींचं अदंतधावन ऐकवलं. दिगंबर मुनींच्या 28 मूलगुणांत ते आहे, खरंच. पण मुनिराज दिवसातून एकदाच आहार घेतात. आपलं पोर दिवसातून आठदा बिस्किटं खातं. मुनींचं व्रत त्याच्या नावावर कशाला?

खर्चाचं म्हणाल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक 2013 पासून अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांना तपासतं, त्यात दातही बघतात. त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तरात कुजवू नका. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय इथून साठेक किलोमीटरवर आहे. लग्नाच्या खरेदीला आपण तेवढं जातोच की.

मुलांचे दंतवैद्य आधी सांगतात, मग आरसा-अवजार दाखवतात, मगच काम करतात. आपणही तेच करावं. दुखत नसताना एकदा नेऊन नुसतं खुर्चीवर बसवावं. टोचणार असेल तर टोचेल म्हणावं, आणि हात धरून उभं राहावं.

पुढच्या आठवड्यात धाकटीला पुन्हा न्यायचं आहे. या वेळी सगळं खरं सांगितलंय. ती रडली, पण येते म्हणाली.

मुलाला भीती घालणं हीसुद्धा हिंसाच, बायांनो. आजपासून ती सुईची धमकी तेवढी बंद करा.