बार्बाडोसहून खुशालीचा निरोप

परदेशी निघालेल्या माणसाला आपल्याकडे हार घालतात, पेढे देतात आणि "पोहोचल्यावर फोन कर" असे दहा जण बजावतात. पण फोन कशावरून करायचा, किती वाजता करायचा आणि पैसे कोण भरणार, हे त्या दहातला एकही सांगत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या वस्तीत गोदीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांची लेक लंडनला नर्स आहे. २०२४ च्या जूनमध्ये तिने आईवडिलांना बोलावून घेतले आणि तिथून आठ दिवसांसाठी कॅरिबियन प्रदेशातील बार्बाडोस बेटावर नेले. उभा जन्म दुसऱ्यांची जहाजे रिकामी करणारा माणूस साठीनंतर समुद्राकाठी आरामखुर्चीत बसायला निघाला, याचा आम्हांला कोण आनंद! पण मागे घरी त्यांची ऐंशीच्या पुढची आई आणि कॉलेजात जाणारा नातू, असे दोघेच राहणार होते. निघण्याच्या आदल्या रात्री गृहस्थ आमच्याकडे आले. "जयभीम भाऊ. म्हातारीला काही झालं तर मला कसं कळणार, तेवढं लिहून द्या." लोकांचे अर्ज-फॉर्म लिहून देणे हा आमचा जुनाच उद्योग. बसलो लिहायला.

पहिली गोष्ट वेळेची. बार्बाडोसचे घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे आहे. तिथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. म्हणजे त्यांनी जेवून फोन करावा, तर आजी इथे चहा पीत असणार. तिथल्या सकाळी सातला केला, तर इथे दुपारचे साडेचार. या दोन वेळा ठरल्या. अवेळी फोन वाजला तर काहीतरी विशेष आहे असे समजावे, असेही आम्ही लिहिले. ते पुढे आमच्याच अंगाशी आले.

दुसरे, नंबराचे. तिकडची इंग्रजी बोलणारी बहुतेक बेटे टेलिफोनच्या हिशेबात अमेरिका-कॅनडाच्या गटात मोडतात. सुरुवातीला १, मग बेटाचा आकडा. बार्बाडोसचा २४६, जमैकाचा ८७६, त्रिनिदादचा ८६८, ग्रेनाडाचा ४७३. पूर्वी या सगळ्यांना मिळून ८०९ हा एकच आकडा होता. १९९० नंतरच्या दशकात वाटण्या झाल्या. नंबर दिसायला अमेरिकेचा, पण 'अमेरिका' म्हणून घेतलेल्या पॅकमध्ये बेट असेलच असे नाही. बेटाचे नाव यादीत आहे ना, हे निघण्याआधी विचारून घ्यावे. आणि घरच्यांनी एक ध्यानात ठेवावे. अशा अनोळखी आकड्यावरून एकदाच रिंग वाजून बंद झाली, तर उलट फोन करू नये. त्या एका रिंगवर पैसे उकळण्याचा धंदा चालतो.

आपले सिम फेकू नये. बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. रोमिंग इथूनच चालू करून जावे, मात्र डेटा बंद ठेवावा. तिथे डिजिसेल आणि फ्लो या दोन कंपन्यांची सिमे मिळतात. त्यातले एक घातले तरी व्हॉट्सॲप जुन्या नंबरावर चालू राहते. जहाजाने फिरणाऱ्यांनी तर भर समुद्रात फोन बंदच ठेवावा. जहाजाचे सॅटेलाइट नेटवर्क पकडले की खिसा रिकामा.

आमचे गृहस्थ डेटा बंद करायला विसरले. फोटो आपोआप वर चढत राहिले आणि दोन दिवसांत पॅक संपला. लेकीने ब्रिजटाऊनला नवे सिम घेऊन दिले. दोष त्यांचा कसा म्हणावा? ती ओळ आमच्या कागदावर सर्वांत खाली होती, तीही बारीक अक्षरात.

२९ जूनला त्याच ब्रिजटाऊनच्या मैदानावर भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-२० विश्वचषक जिंकला. गृहस्थांनी हॉटेलच्या टीव्हीवर सामना पाहिला आणि आनंदाच्या भरात लगेच घरी फोन लावला. इथे मध्यरात्र! अवेळी फोन म्हणजे काहीतरी विशेष, हे आजीला आम्हीच शिकवलेले. तिची छाती धडधडायला लागली. "भाऊला सांग, असलं लिहून देत जाऊ नको," असा निरोप नातवाकरवी आम्हांला सकाळी पोहोचला.

त्यानंतर खरेच विशेष घडले. १ जुलैला बेरिल चक्रीवादळ बार्बाडोसच्या दक्षिणेकडून गेले. ग्रेनाडाचे कॅरियाकू बेट तर त्याने झोडपून काढले. बार्बाडोसला मच्छीमारांच्या होड्या फुटल्या, विमानतळ बंद होता. साडेचार वाजून गेले, फोन नाही. व्हॉट्सॲपवर एकच खूण, दुसरी उमटेना. नातू सारखा फोन लावत होता. आजी टीव्हीसमोरून हलेना. विश्वविजेता संघही तिथेच अडकल्याचे दाखवत होते. तिने आम्हांला विचारले, "त्या पोरांना आणायला इमान जाईल, त्यात माझा पोरगा बसंल का?" नाही बसणार, हे त्या माउलीला कोणत्या तोंडाने सांगायचे?

नातवाला आम्ही म्हटले, फोन लावणे थांबव, साधा एसएमएस टाक, त्यांच्या जुन्या नंबरावर. वीज गेली की हॉटेलचे वायफाय जाते, टॉवर बॅटरीवर जेमतेम काही तास तग धरतात, आणि सारे गाव एकाच वेळी फोन लावते म्हणून लाइन तुंबते. एसएमएसला जागा थोडी लागते, तो फटीतून निघून जातो. रात्रभर उत्तर नाही. लहानपणी दारात तार आली की वाचण्याआधीच बायका रडायला लागत. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण ती रात्र आम्हांला त्या दिवसांसारखीच गेली. पहाटे पाचला नातू उघड्या अंगाने धावत आला. चार शब्द होते: "सुखरूप आहोत. लाईट नाही."

संघ ४ जुलैला दिल्लीत उतरला. आमची मंडळी लंडनमार्गे यथावकाश आली.

ऑगस्टच्या अखेरीस पोस्टमनने एक कार्ड आणून दिले. गृहस्थांनी ते ब्रिजटाऊनच्या पोस्टात २८ जूनला टाकले होते. वर चित्र साखळ्या तोडलेल्या माणसाच्या पुतळ्याचे. १८१६ साली गुलामांच्या बंडाचे पुढारपण करणाऱ्या बुसाच्या नावाने तिथले लोक तो ओळखतात. मागे लिहिले होते, "आई, आम्ही मजेत आहोत. काळजी करू नको."

नातवाने वाचून दाखवले. आजीने विचारले, "हे वादळाच्या आधीचं का नंतरचं?"

"आधीचं."

"मंग काय उपेग," म्हणाली, आणि कार्ड पदराने पुसून उशाखाली ठेवले.