दार उघडून विस्मरणात गेलेली स्पर्धा

टेनिसच्या 'खुल्या युगा'चा विषय निघाला की आपल्याला विम्बल्डन आठवते. वस्तुतः ते दार उघडले बोर्नमथच्या तांबड्या मातीवर, २२ एप्रिल १९६८ रोजी सुरू झालेल्या ब्रिटिश हार्ड कोर्ट अजिंक्यपद स्पर्धेत. नावातल्या 'हार्ड' या शब्दाने फसू नये. तत्कालीन ब्रिटिश परिभाषेत मातीचे कोर्टही 'हार्ड'च म्हटले जाई.

१९२४ मध्ये टॉर्की येथे सुरू झालेल्या या राष्ट्रीय स्पर्धेत फ्रेड पेरीने १९३२ ते १९३६ अशी सलग पाच विजेतेपदे मिळवली. तरीही तिचे खरे महत्त्व १९६८चे. तोवर हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंना एकत्र खेळण्यास मज्जाव होता. हौशीपणाच्या सोज्वळ नावाखाली दडलेला तो वर्गभेदच होता, असे माझे मत आहे. त्या आठवड्यात हौशी मार्क कॉक्सने पांचो गोन्झालेस या दिग्गज व्यावसायिकाला हरवले. केन रोझवॉलने विजेतेपदाचे एक हजार पौंड स्वीकारले. हौशी व्हर्जिनिया वेडने मात्र स्त्रियांचे विजेतेपद मिळवूनही तीनशे पौंड नाकारले. एकाच मैदानावर दोन युगे शेजारी उभी होती.

१९८३ नंतर ही परंपरा खंडित झाली. १९९०च्या दशकातले पुनरुज्जीवनही अल्पायुषी ठरले. इतिहास बहुधा टिकलेल्यांचाच लिहिला जातो, हे साहित्येतिहास शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. परंतु जे बंद पडले ते अपयशी, हा आपला समज मात्र एकदा तपासून पाहायला हवा.