पाखरांच्या फिल्ममागच्या अक्का

मागच्या शनिवारी तिसरीच्या मुलांना मोबाइलवर ‘एक अनेक और एकता’ दाखवली. जाळ्यात सापडलेली पाखरं अख्खं जाळं घेऊन उडाली, तेव्हा बाहेरून कांद्याचे ट्रॅक्टर धडधडत चालले होते, तरी एक मान तिकडे वळली नाही. मैत्रिणींनो, लहानपणी दूरदर्शनवर आपण सगळ्यांनीच ती पाहिली आहे. पण १९७४ साली ती घडवून आणणाऱ्या विजया मुळे मला परवापर्यंत ठाऊक नव्हत्या!

त्यांचा जन्म १९२१ चा, मुंबईचा. लग्न होऊन १९४० च्या सुमारास पाटण्याला गेल्या. परका मुलूख, वेगळी भाषा. तिथं बायकांना घरी अभ्यास करून परीक्षेला बसता येई. तशी त्यांनी पदवी घेतली. (मीही बी.ए. बाहेरूनच केलं, पोळ्या लाटता लाटता. म्हणून हे दोनदा वाचलं.) १९४६ साली शिष्यवृत्तीवर इंग्लंडात लीड्सला शिक्षणशास्त्र शिकायला गेल्या आणि येताना सिनेमाचं वेड घेऊन आल्या.

वेड म्हणजे नुसतं बघणं नव्हे हं. आधी पाटण्यात, मग दिल्लीत त्यांनी फिल्म सोसायटीचं काम केलं. हे काम थेट आपल्या भिशीसारखं. वर्गणी गोळा करा, हॉल मिळवा, फिल्मच्या पेट्या वेळेवर आल्या का बघा. आणि नाव होतं ते दिग्दर्शकाचं! १९५९ साली देशभरच्या सोसायट्यांचा महासंघ झाला. अध्यक्ष सत्यजित राय, सहसचिवांत विजयाबाई. सहसचिव म्हणजे किती कागद आणि किती खेटे, ते कुठल्याही महिला मंडळात विचारा.

१९६७ साली त्यांनी स्वतःचा माहितीपट केला, हुगळी नदीत भरतीला उलट चढणाऱ्या लाटेवर. पुढे सरकारच्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रात मुलांसाठी फिल्म्स. पाखरांची चित्रं भीमसेन यांची. फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमावाले त्यांना ‘अक्का’ म्हणत. अभिनेत्री सुहासिनी मुळे या त्यांच्याच कन्या.

परदेशी सिनेमांत भारत कसा दिसला, यावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक २०१० साली निघालं. २०१९ साली त्या गेल्या.

आमच्या जाऊबाई पस्तिशीतच “आता काय शिकायचं?” म्हणतात. त्यांना हे वाचून दाखवलं. पुस्तकाच्या वेळचं वय त्यांनी बोटांवर मोजलं, एकोणनव्वद आलं, आणि पुन्हा मोजायला बसल्या.