रोजचं गवत

लाडकं जनावर दवाखान्यात असलं की आपण काय करतो? दर तासाला फोन! जणू काही बिल्ड पास झालं का ते बघतोय.

अशा वेळी मला बार्बारो आठवतो. मे २००६ मध्ये केंटकी डर्बी जिंकलेला हा अमेरिकन घोडा दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत मागचा पाय मोडून बसला. पेनसिल्व्हेनियात न्यू बोल्टनच्या इस्पितळात ऑपरेशन झालं, २७ स्क्रू बसले. पण घोड्याला महिनोन्महिने झोपवून ठेवता येत नाही. दुखऱ्या पायाचा भार दुसऱ्यावर येतो आणि त्या खुराच्या आत सूज येते. जुलैत तेच झालं.

मालकीणबाई ग्रेचेन जॅक्सन जवळजवळ रोज त्याला भेटायला जायच्या, घरच्या शेतातलं ताजं गवत घेऊन. २९ जानेवारी २००७ ला, वेदना आवरेनात तेव्हा, त्याला निरोप दिला.

'वाचेल का?' हा प्रश्न डॉक्टरांवर सोडावा. आपला प्रश्न एवढाच, आज तो सुखात आहे का? 'हो' असेल तोवर गवत न्यायचं. 'नाही' झालं, की आपल्याला सोडवत नाही म्हणून त्याला अडकवून ठेवायचं नाही. अवघड आहे, मान्य. पण प्रेम केलंय ना राव!